निळी फुली, तेरा तारे: एक झेंडा वर्णद्वेषाची खूण कसा बनला

लाल कापड, त्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत गेलेली निळी फुली आणि फुलीवर तेरा पांढरे तारे. अटलांटा, शार्लट किंवा नॅशव्हिलच्या परिसरात राहणाऱ्या मराठी मंडळींना हा झेंडा कधी ना कधी दिसतोच. पिकअप ट्रकच्या मागे, एखाद्या शेताच्या फाटकावर, पेट्रोल पंपाशेजारच्या दुकानात टी-शर्टवर. लावणाऱ्याला विचारलं तर बहुतेक वेळा उत्तर येतं, "हा आमच्या पूर्वजांचा वारसा आहे, यात कोणाचा द्वेष नाही." त्याच गावातल्या कृष्णवर्णीय कुटुंबाला मात्र तो झेंडा रात्रीच्या वेळी रस्त्यात दिसला, तर ते त्या ठिकाणी गाडी थांबवणार नाहीत.

कापड एकच आहे. मग खरं कोणाचं? 'ज्याची त्याची दृष्टी' म्हणून विषय मिटवता येईल, पण ते मला पटत नाही. झेंड्याचा अर्थ त्याच्या रंगांत नसतो आणि तो लावणाऱ्याच्या मनातही पुरता मावत नाही. तो कोणी उभारला, कधी उभारला आणि कोणाच्या विरोधात उभारला, यातून अर्थ वर्षानुवर्षं साचत जातो. या झेंड्याच्या बाबतीत तर नुसत्या तारखा ओळीने मांडल्या तरी पुष्कळ काही कळतं.

युद्ध कशासाठी होतं

1860 साली अब्राहम लिंकन राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. नव्या प्रदेशांत गुलामगिरी पसरू द्यायची नाही, ही त्यांच्या पक्षाची भूमिका होती. त्या वर्षीच्या जनगणनेत अमेरिकेत जवळपास 40 लाख माणसं गुलाम म्हणून नोंदलेली होती. दक्षिणेतल्या कापसाच्या मळ्यांचा सगळा कारभार त्यांच्या फुकट कष्टांवर उभा होता. 20 डिसेंबर 1860 ला साउथ कॅरोलायना देशातून फुटून निघालं आणि पुढच्या काही महिन्यांत आणखी दहा राज्यं त्याच वाटेने गेली. त्यांनी स्वतःचा वेगळा देश जाहीर केला, त्याला कॉन्फेडरसी म्हणतात. एप्रिल 1861 मध्ये युद्ध पेटलं आणि ते चार वर्षं चाललं.

हे युद्ध गुलामगिरीसाठी नव्हतं, राज्यांच्या हक्कांसाठी होतं, असं आजही सांगितलं जातं. त्याला उत्तर देण्यासाठी आपण काही वेगळं बोलायची गरज नाही. फुटून निघालेल्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. मिसिसिपी राज्याने बाहेर पडण्याची कारणं देणारं निवेदन काढलं, त्यात सुरुवातीलाच म्हटलं होतं की आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे एकरूप आहे. कॉन्फेडरसीचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी मार्च 1861 मध्ये सव्हाना शहरात भाषण केलं. आमच्या नव्या सरकारचा कोनशिलेचा दगड हाच, की कृष्णवर्णीय माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही आणि गुलामी ही त्याची नैसर्गिक अवस्था आहे, असं ते त्यात म्हणाले. इतकं स्पष्ट. राज्यांना हक्क हवेच होते, पण कशाचे, ते त्यांनीच सांगितलं.

आता झेंड्याकडे येऊ. इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते: फुलीचा हा झेंडा कॉन्फेडरसीचा राष्ट्रध्वज कधीच नव्हता. त्यांचा पहिला राष्ट्रध्वज वेगळा होता. तीन आडवे पट्टे, लाल-पांढरा-लाल, आणि कोपऱ्यात निळ्या चौकटीत ताऱ्यांचं वर्तुळ. तो मूळच्या अमेरिकी झेंड्यासारखा इतका दिसायचा की जुलै 1861 मध्ये मनासासच्या लढाईत धूर आणि धूळ उडाल्यावर आपलं सैन्य कुठलं आणि शत्रूचं कुठलं हेच कळेना. त्यानंतर सेनापती बोरेगार्ड आणि जॉन्स्टन यांनी रणांगणासाठी वेगळा झेंडा मागितला आणि विल्यम पोर्चर माइल्स यांचं फुलीचं चित्र पुढे आलं. अकरा राज्यं असताना तारे तेरा का? केंटकी आणि मिझुरी ही राज्यंही आपलीच, असा त्यांचा दावा होता म्हणून.

पुढे 1863 मध्ये दुसरा राष्ट्रध्वज आला. पांढरंशुभ्र कापड आणि त्याच्या कोपऱ्यात हाच फुलीचा झेंडा. त्या पांढऱ्या रंगाचा अर्थ काय, हे सव्हानामधल्या वृत्तपत्राचे संपादक विल्यम थॉम्पसन यांनी छापून सांगितलं होतं. हीन वंशावर गोऱ्या माणसाचं देवाने दिलेलं वर्चस्व टिकवण्यासाठी आपण लढतोय, म्हणून पांढरा झेंडाच आपल्या कार्याला शोभेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्याच 1863 साली कॉन्फेडरसीचे सेनापती जनरल ली यांचं सैन्य फुलीचा झेंडा घेऊन उत्तरेत पेनसिल्व्हेनियात शिरलं, तेव्हा तिथल्या कृष्णवर्णीय माणसांना, अगदी जन्मापासून स्वतंत्र असलेल्यांनासुद्धा, पकडून दक्षिणेत गुलाम म्हणून पाठवण्यात आलं. या झेंड्याचा मूळ अर्थ फक्त शौर्याचा होता आणि द्वेष नंतर चिकटला, असं म्हणणाऱ्यांनी ही घटना आठवावी.

तरी वारशाच्या दाव्यात काहीच तथ्य नाही, असं मी म्हणणार नाही. त्या सैन्यात लढलेल्या पुष्कळ सामान्य शिपायांच्या घरी एकही गुलाम नव्हता. 1862 पासून सक्तीची भरती सुरू झाली आणि वीस किंवा त्याहून जास्त गुलाम असलेल्या मळ्यांवर मात्र एका गोऱ्या माणसाला भरतीतून सूट मिळाली. युद्ध श्रीमंतांचं आणि मरायचं गरिबांनी, अशी कुरकुर तेव्हाही चालू होती. त्या शिपायांची पणतवंडं आज आपल्या माणसांची आठवण काढत असतील, तर त्यांचं दुःख खोटं नाही. प्रश्न असा आहे, की ती आठवण सरकारी इमारतीच्या डोक्यावर का असावी? आणि दक्षिणेचा वारसा म्हणताना त्याच दक्षिणेत पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या कृष्णवर्णीयांना त्यातून का वगळावं? तेही दक्षिणेचेच आहेत.

एप्रिल 1865 मध्ये ली शरण आले आणि डिसेंबरमध्ये राज्यघटनेच्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी संपली. या घटनेचा आवाज महाराष्ट्रापर्यंत पोहोचला होता. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध केलं, ते कृष्णवर्णीयांना दास्यातून मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. पुण्यात बसलेल्या माणसाला त्या युद्धाचा अर्थ आठ वर्षांत नेमका कळला होता. अमेरिकेच्या दक्षिणेत मात्र तो अर्थ पुसून टाकायचं काम तेव्हा सुरू झालं होतं.

स्मशानातून विधानभवनावर

युद्ध संपल्यावर काही दशकं फुलीचा झेंडा मुख्यतः म्हाताऱ्या सैनिकांच्या मेळाव्यांत, स्मृतिदिनाला आणि कबरींवर दिसायचा. 1894 मध्ये स्थापन झालेल्या 'युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी' या महिलांच्या संघटनेने पुतळे उभारले, शाळेच्या पुस्तकांवर लक्ष ठेवलं आणि गुलाम सुखात होते, मालक दयाळू होते, अशी गोड कहाणी मुलांच्या मनात रुजवली. त्याच वर्षी मिसिसिपीने आपल्या राज्यध्वजाच्या कोपऱ्यात ही फुली बसवली. त्याआधी चारच वर्षांपूर्वी, 1890 च्या राज्यघटनेने, तिथल्या कृष्णवर्णीयांचा मताधिकार व्यवहारात काढून घेतलेला होता. या दोन घटना मी शेजारी शेजारी ठेवतो, कारण त्या शेजारीच घडल्या.

खरा बदल झाला 1948 मध्ये. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी त्या फेब्रुवारीत नागरी हक्कांचा कार्यक्रम संसदेपुढे मांडला. जुलैत त्यांच्याच पक्षाच्या अधिवेशनात नागरी हक्कांचा ठराव झाला, तेव्हा दक्षिणेतले काही प्रतिनिधी उठून बाहेर पडले. काही दिवसांत बर्मिंगहॅमला त्यांची सभा भरली आणि तिथे फुलीचे झेंडे नाचवले गेले. साउथ कॅरोलायनाचे गव्हर्नर स्ट्रॉम थर्मंड त्यांचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार ठरले. वेगवेगळ्या शाळा, वेगवेगळे डबे, वेगवेगळे नळ, ही वंशभेदाची व्यवस्था टिकवणं हा त्यांचा जाहीर मुद्दा होता. थर्मंड यांनी चार राज्यं जिंकली. स्मशानात आणि मेळाव्यांत राहिलेला झेंडा आता चालू राजकारणाचा झेंडा झाला, आणि तोही एका नेमक्या मागणीसाठी.

पुढच्या तारखा बघा. मे 1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. 1956 मध्ये जॉर्जियाच्या विधिमंडळाने त्या निकालाविरुद्ध कायद्यांचा सपाटा लावला आणि त्याच अधिवेशनात राज्यध्वज बदलून त्यात फुलीचा झेंडा घातला. एप्रिल 1961 मध्ये यादवी युद्धाच्या शताब्दीचं निमित्त करून साउथ कॅरोलायनाच्या विधानभवनावर तो चढला; 1962 मध्ये विधिमंडळाने ठराव करून तो कायम केला, उतरवायची तारीख ठरवलीच नाही. शताब्दी संपली, झेंडा राहिला. 1962 च्या शरद ऋतूत मिसिसिपी विद्यापीठात जेम्स मेरेडिथ या पहिल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला प्रवेश मिळू नये म्हणून दंगल झाली, दोन माणसं मेली. त्या दिवसांत तिथे हेच झेंडे हलत होते. 25 एप्रिल 1963 ला देशाचे अॅटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी अलाबामाचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांना भेटायला आले. विद्यापीठात कृष्णवर्णीयांना प्रवेश देण्याबद्दल बोलणी होती. त्याच दिवशी वॉलेस यांनी विधानभवनाच्या घुमटावर हा झेंडा चढवला.

पूर्वजांची आठवण काढायची होती तर 1865 पासून 1948 पर्यंत भरपूर वेळ होता. ती सरकारी घुमटांवर चढून काढायची निकड नेमकी समान हक्कांची मागणी जोर धरत असतानाच का वाटली? या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर मी वारसावाल्यांकडून अजून ऐकलेलं नाही.

मग अमेरिकेचा झेंडा तरी स्वच्छ आहे का?

हा आक्षेप नेहमी येतो आणि तो फेटाळून लावण्यासारखा नाही. गुलामगिरी अमेरिकेच्या राष्ट्रध्वजाखालीही कित्येक दशकं चालली. 1925 मध्ये कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या संघटनेने राजधानी वॉशिंग्टनमध्ये मोठा मोर्चा काढला तेव्हा त्यांच्या हातात राष्ट्रध्वजच होते. 1976 मध्ये बॉस्टनमध्ये शाळांच्या प्रश्नावरून निदर्शनं चालली असताना थिओडोर लँडस्मार्क या कृष्णवर्णीय वकिलावर राष्ट्रध्वजाच्या काठीनेच हल्ला झाला. त्याचं छायाचित्र जगभर गेलं.

तरीही फरक आहे, आणि माझ्या मते झेंड्यांविषयीचा सगळा वाद या फरकापाशी येऊन थांबतो. राष्ट्रध्वजावर दोन्ही बाजूंनी हक्क सांगितला. मार्च 1965 मध्ये सेल्मा ते माँटगोमेरी असा मतदानाच्या हक्कासाठी पायी मोर्चा निघाला. चालणाऱ्यांच्या खांद्यावर अमेरिकेचे झेंडे होते आणि त्यांची हुर्यो उडवायला रस्त्याच्या कडेला उभे राहिलेल्यांच्या हातात फुलीचे. मोर्चा पोहोचला तेव्हा माँटगोमेरीच्या विधानभवनावरही फुलीचाच झेंडा होता. राष्ट्रध्वज हा भांडणाचा झेंडा आहे: त्याने दिलेलं वचन पाळा, असं म्हणत कृष्णवर्णीयांनी तो उचलला. फुलीच्या झेंड्याने त्यांना कधी काही वचनच दिलेलं नव्हतं. एका बाजूनेच, दुसऱ्या बाजूला गप्प बसवण्यासाठी, पिढ्यान्‌पिढ्या वापरलेल्या झेंड्यात दुसरा अर्थ शिरायला जागा उरत नाही.

याचा उलटा पुरावा जॉर्जियात मिळतो. 1956 चा वादग्रस्त झेंडा 2001 मध्ये बदलला आणि 2003 मध्ये आजचा झेंडा आला. तो कसा आहे? तीन आडवे पट्टे, लाल-पांढरा-लाल, कोपऱ्यात निळ्या चौकटीत ताऱ्यांचं वर्तुळ, आणि त्यात राज्याची मुद्रा. म्हणजे चक्क कॉन्फेडरसीच्या पहिल्या राष्ट्रध्वजाचं रूप! इतिहासाच्या हिशोबाने गुलामगिरीवर उभ्या राहिलेल्या त्या सरकारचा अधिकृत झेंडा तोच. पण त्याच्यावरून फुलीइतकं वादळ उठत नाही, कारण शाळेच्या दारात कोवळ्या मुलींना शिव्या देताना किंवा क्लॅनच्या सभेत तो कोणी नाचवला नाही. आपल्या घरातलं स्वस्तिक आणि हिटलरचा झेंडा यांच्याबद्दल गोंधळलेल्या मराठी वाचकालाही हाच धागा उपयोगी पडेल. दारापुढच्या रांगोळीतलं चिन्ह दोषी ठरत नाही. नाझी पक्षाचा झेंडा सप्टेंबर 1935 मध्ये न्यूरेंबर्गला जर्मनीचा एकमेव राष्ट्रध्वज ठरला आणि ज्यूंचं नागरिकत्व काढून घेणारा कायदा त्याच दिवशी, त्याच बैठकीत मंजूर झाला. न्यू जर्सीत शेजाऱ्याला समजावताना ही तारीख सांगा. पण त्याची धास्ती खोटी समजू नका.

चार्ल्स्टननंतर

17 जून 2015 च्या रात्री साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टन शहरात, मदर इमॅन्युएल या कृष्णवर्णीयांच्या जुन्या चर्चमध्ये बायबलचं वाचन चालू होतं. एका गोऱ्या तरुणाला तिथल्या मंडळींनी आपल्यात बसवून घेतलं. त्याने नऊ जणांना गोळ्या घालून मारलं. चर्चचे पाळक क्लेमेंटा पिंकनी हे राज्याच्या सिनेटचे सदस्य होते, तेही त्यात गेले. मारेकऱ्याचे फुलीच्या झेंड्यासोबतचे फोटो नंतर सापडले. दुसऱ्या एका फोटोत त्याच्या जॅकेटवर दोन परदेशी झेंडे शिवलेले होते: वंशभेदी राजवटीतल्या दक्षिण आफ्रिकेचा आणि ऱ्होडेशियाचा. ऱ्होडेशिया तर तो जन्मण्याच्या कितीतरी आधी नकाशावरून गेलेला देश. हजारो मैलांवरच्या या झेंड्यांचा अर्थ त्याला कोणी समजावून सांगावा लागला नव्हता.

विधानभवनाच्या घुमटावरचा झेंडा 2000 मध्ये मोठ्या आंदोलनानंतर खाली आला होता, पण तडजोड म्हणून तो समोरच्याच आवारात, सैनिकांच्या स्मारकापाशी उभारला गेला. हत्याकांडानंतर देशाचा आणि राज्याचा झेंडा अर्ध्यावर उतरवला. हा तिसरा मात्र पूर्ण उंचीवर फडकत राहिला, कारण त्याला हात लावायचा तर विधिमंडळाची परवानगी हवी, असा कायदा होता. 24 जूनला पिंकनी यांची शवपेटी घोडागाडीतून विधानभवनात आणली गेली, ती याच झेंड्यावरून. आत दर्शनाला लोकांची रांग लागली होती आणि बाहेरचा झेंडा दिसू नये म्हणून वरच्या मजल्यावरच्या एका खिडकीवर काळा पडदा टाकला होता. झेंडा काढता येत नव्हता, म्हणून खिडकी झाकली.

तीन दिवसांनी, 27 जूनला पहाटे, ब्री न्यूसम नावाची कृष्णवर्णीय तरुणी हेल्मेट आणि दोर लावून तो खांब चढली. पोलीस खालून उतरायला सांगत होते. तिने झेंडा सोडवला, हातात घेतला आणि बायबलमधली वचनं म्हणत खाली आली. तिला अटक झाली, आणि तासाभरात झेंडा पुन्हा वर गेला. पण आता तो फार दिवस टिकणार नव्हता. गव्हर्नर निकी हेली या पंजाबी शीख आईवडिलांच्या कन्या. आदल्याच वर्षी निवडणुकीच्या प्रचारात, एकाही कंपनीच्या प्रमुखाने या झेंड्याबद्दल माझ्याकडे तक्रार केलेली नाही, असं त्या म्हणाल्या होत्या. नऊ मृत्यूंनंतर त्यांनी झेंडा उतरवा असं जाहीर केलं. उशीर झाला होता, तरी निर्णय योग्य होता. सभागृहात मध्यरात्र उलटेपर्यंत चर्चा चालली, 94 विरुद्ध 20 मतांनी विधेयक मंजूर झालं, आणि ते नऊ पेनांनी सही करून हेलींनी एकेक पेन नऊ कुटुंबांना दिलं. 10 जुलैला झेंडा उतरला.

बंदी आहे का?

नाही. अमेरिकेत खासगी घरावर, गाडीवर हा झेंडा लावणं आजही कायदेशीर आहे. अभिव्यक्तीच्या हक्काखाली ते येतं. सरकारने स्वतः काय बोलायचं, हा वेगळा मुद्दा. टेक्सासने गाड्यांच्या खास नंबर प्लेटवर हे चित्र छापायला नकार दिला होता आणि सर्वोच्च न्यायालयाने जून 2015 मध्ये, योगायोगाने चार्ल्स्टनच्या दुसऱ्याच दिवशी, राज्याच्या बाजूने निकाल दिला. दक्षिण आफ्रिकेने निराळी वाट धरली. तिथल्या समानता न्यायालयाने 2019 मध्ये सांगितलं, की 1994 पूर्वीचा केशरी-पांढरा-निळा झेंडा विनाकारण मिरवणं म्हणजे द्वेषपूर्ण अभिव्यक्ती. संग्रहालयात, अभ्यासात, पत्रकारितेत तो दाखवायला मोकळीक आहे. कोणती वाट बरोबर, यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. माझा कल सरकारी जागांवरून काढण्याकडे आहे, घराघरांत शिरण्याकडे नाही. पण ज्या देशात बहुसंख्य लोकांनी त्या झेंड्याखाली सरकारी परवान्याचं पासबुक सतत जवळ घेऊन फिरण्याची सक्ती सोसली, त्या देशाला मी शिकवायला जाणार नाही.

शेवटचा गड मिसिसिपीचा. जवळपास 38 टक्के कृष्णवर्णीय लोकसंख्येच्या या राज्यात 1894 चाच झेंडा होता. 2001 मध्ये सार्वमत झालं, तेव्हा सुमारे 64 टक्के लोकांनी फुली ठेवायची म्हणून कौल दिला. मे 2020 मध्ये मिनियापोलिसला जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला आणि देश पेटून उठला. नॅस्कार या मोटार शर्यतींच्या संघटनेने जूनमध्ये फुलीच्या झेंड्याला मैदानात बंदी केली, ज्या शर्यतींचा प्रेक्षक म्हणजे दक्षिणेतला गोरा कामगारवर्ग. मिसिसिपीत विद्यापीठांच्या खेळाडूंनी आणि प्रशिक्षकांनी दबाव आणला, राज्यातल्या बाप्टिस्ट चर्चच्या नेतृत्वानेही झेंडा बदला असं सांगितलं. 30 जूनला गव्हर्नरांनी जुना झेंडा रद्द करणाऱ्या कायद्यावर सही केली. नव्या झेंड्यावर फुली चालणार नाही, हे कायद्यातच लिहिलं. नोव्हेंबरमध्ये मॅग्नोलियाच्या फुलाचा नवा झेंडा मतदानाला आला आणि 70 टक्क्यांहून जास्त लोकांनी तो स्वीकारला. कृष्णवर्णीयांच्या मतांवर तेवढा आकडा गाठता येत नाही. 2001 मध्ये फुली राखणाऱ्यांपैकी किंवा त्यांच्या मुलांपैकी पुष्कळ गोऱ्यांनी त्या दिवशी फुलावर शिक्का मारला होता.